‘दोन वर्षं कुठेच काम करता येणार नाही’ असं सांगून माझ्याकडून पावणेदोन लाख उकळले

खात्यातून गेले १,७५,०००. ग्रॅच्युइटीचे बुडाले १,०८,०००. शेवटच्या महिन्याचा पगार ५२,४०० अडकला तो अडकलाच. एकूण ३,३५,४०० रुपये. आणि हे सगळं अशा एका कलमापायी, जे नोकरी सुटल्यानंतर आपल्या देशात कोर्टात उभंही राहत नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या विभागात, काम केलेल्यांना पद्धत सांगायला नको. रुजू होताना शंभराच्या स्टॅम्पपेपरवर बॉन्ड, सही केलेले दोन कोरे चेक आणि डिप्लोम्याचं मूळ प्रमाणपत्र ‘सेफ कस्टडी’त. बॉन्डच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत काम करणार नाही, केल्यास बारा लाख भरपाई. तेव्हाच उठून निघून यायचं होतं, असं आता मला सांगणारे बरेच भेटतात. २०१८ साली हातात दुसरी ऑफर नसताना त्यांच्यापैकी किती जण उठले असते? बाकीच्या मुलांनीही सह्या केल्या होत्या. एचआर मॅडम म्हणाल्या, फॉर्मॅलिटी आहे. सगळीकडे हेच म्हणतात.

२०२४ च्या दिवाळीआधी राजीनामा दिला. नोटीस पिरियड पूर्ण भरला, लॅपटॉप जमा केला, त्याची पोच घेतली. (ती पोच हा एकच कागद आज माझ्या कामाचा आहे. तुम्हीही घ्या, सहीशिक्क्यासह.) नवीन कंपनीने रिलिव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र, मागितलं आणि खेळ सुरू झाला. लेटर नाही, उलट नोटीस: मी एका प्रोग्रेसिव्ह डायची (पत्र्याचा पार्ट टप्प्याटप्प्याने बनवणाऱ्या साच्याची) गोपनीय ड्रॉइंग्ज चोरली, स्पर्धकाला दिली, बारा लाख भरा, नाहीतर फौजदारी. खाली सही ‘लीगल कन्सल्टंट’ची. वकिलाची नव्हे. सनद क्रमांक नंतर मागितला, तो आजपर्यंत आलेला नाही.

नोटिशीत ड्रॉइंगचा नंबर दिला होता. ते ड्रॉइंग त्यांच्याच परचेसवाल्यांनी कोटेशनसाठी अर्ध्या एमआयडीसीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं. कसलं गुपित!

मग ‘बसून मिटवू’ म्हणून बोलावलं. मालक, मॅडम आणि तो कन्सल्टंट. त्या खोलीत मला जे दिसायला हवं होतं ते आठवलं की आजही झोप उडते. ज्याच्या घरी चोरी झाली तो आधी काय विचारेल? माल कुठे आहे, हेच ना? पेनड्राइव्ह कुठे, मेल कुठल्या आयडीवर गेला, नव्या कंपनीत कुणाला दाखवलं? तासभर बसलो. त्यातलं एकही वाक्य कुणी उच्चारलं नाही. माझा फोन कुणी मागितला नाही. ड्रॉइंग परत द्या असंही म्हणाले नाहीत. कन्सल्टंटचा पहिला प्रश्न होता, “एकरकमी जमेल की दोन हप्ते करू?” गुपिताचं त्यांना काही पडलेलंच नव्हतं. मी मात्र मान खाली घालून मनात ईएमआयचे २८,६५० मोजत बसलो, कारण नव्या कंपनीने लेटरसाठी महिनाअखेरची मुदत दिली होती आणि त्याच सकाळी पोलीस चौकीतून फोन आला होता, “तुमच्याविरुद्ध अर्ज आहे, येऊन जा.” शांत डोक्याने विचार करा, हे सांगायला सोपं आहे.

शिवाय तो माणूस अर्धं खरं बोलत होता, तेच जास्त घातक. “अहो, तुम्ही शिकलेले. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कल्याणच्या रेयॉन फॅक्टरीतला, गोळीकरी म्हणून होते, हरले ते.” निकाल खराच आहे, १९६७ चा. पण निरंजन गोळीकरींचा करार पाच वर्षांचा होता आणि तो संपायच्या आत ते राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेले. बंदी टिकली ती कराराच्या चालू मुदतीपुरती. नोकरी रीतसर संपल्यानंतरची बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली रद्दबातल ठरते. १९८० च्या कृष्ण मुरगई प्रकरणात अशीच दोन वर्षांची अट होती, तिथे कंपनी हरली. हे मला कधी कळलं? पैसे गेल्यावर, खऱ्या वकिलाकडून.

पैसे कंपनीच्या खात्यात नाही गेले. “ऑडिट चालू आहे, कन्सल्टन्सीच्या खात्यात टाका.” टाकले. त्यावर ‘समझोता पत्र’: मी स्वखुशीने रक्कम देत आहे, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, ग्रॅच्युइटी नुकसानभरपाईत वळती करावी. प्रत दिली नाही. दिलगिरीचं एक वाक्यसुद्धा कुठे लिहून देऊ नका, तो पुढे तुमचा कबुलीजबाब होतो. आणि ग्रॅच्युइटी अशी वळती करता येत नाही. ती रोखायची तर नुकसान किंवा गैरवर्तनामुळे नोकरीवरून काढलेलं असावं लागतं. मी राजीनामा दिला होता.

आता सरकारी दारांबद्दल. चौकीत गेलो, खंडणीची तक्रार द्यायची म्हणालो. हवालदार हसले. “साहेब, सही तुमची, पैसे तुम्ही दिलेत. दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” म्हणजे कंपनीचा तोंडी आरोप फौजदारी, त्यावर मला फोन, माझ्याकडे बँकेची नोंद, तर दिवाणी! त्यांच्या अर्जाची प्रत मागितली तर “मिटलं ना तुमचं, मग कशाला?” गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांना पाठवता येते आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, हे चौकीतल्या एकाही तोंडून निघालं नाही. फोनवरचं ‘येऊन जा’ ही नोटीस नसते. लेखी मागा.

कामगार कार्यालयात तर कागद हातात घेण्याआधीच निकाल: “पगार पन्नास हजारांच्या वर, डिझाइन इंजिनिअर, तुम्ही कामगार नाही.” तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक कामाला पगाराची मर्यादा नव्हतीच, ती होती सुपरवायझरला. ग्रॅच्युइटीला तर पगाराची अट १९९४ मध्येच गेली. हे मी, ड्रॉइंग काढणारा माणूस, खुर्चीतल्या साहेबांना सांगत होतो. ते म्हणाले, “मग तुम्हाला सगळं माहीतच आहे.” आणि पुढचा नंबर पुकारला. शेवटी अर्ज घेतला, तारखा पडतायत. साहेब बदलले, की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता आली, राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा असं तिच्यात आहे. छान आहे. माझे ५२,४०० त्याआधीचे.

कोरे चेक दिले असतील तर आजच लेखी परत मागा. नुसतं ‘स्टॉप पेमेंट’ करून सुटका होत नाही, चेक न वटल्याची केस तरीही होऊ शकते. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. आणि सगळेच बॉन्ड फोल असतात असंही समजू नका: ठरावीक वर्षं नोकरी न केल्यास दोन लाख भरायची एका सरकारी बँकेची अट सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. खरंच ड्रॉइंग्ज स्वतःच्या मेलवर पाठवली असतील तर कलम २७ तुम्हाला वाचवणार नाही, माझ्याकडे सल्ला मागू नका.

गेल्या महिन्यात त्याच जुन्या कंपनीतल्या, क्वालिटी विभागातल्या एका मुलाने नोकरी सोडली. त्यालाही नोटीस आली. बारा लाखच, आणि ड्रॉइंगचा नंबरही माझ्याच नोटिशीतला. त्या मुलाने जन्मात कॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, उघडलेलं नाही. त्याला थेट माझ्या वकिलाकडे नेलं. एक पानी उत्तर, फी ३,५००. त्यानंतर कन्सल्टंटचा फोन आलेला नाही.