शुश्रूषा उत्तम, उल्लेख मात्र खाटेच्या क्रमांकाने

सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने एका खासगी रुग्णालयातील परिचर्या सेवा जवळून पाहता आली. जखमेची स्वच्छता, औषधांच्या वेळा, रात्री बेल वाजताच मिळणारा प्रतिसाद यांना नाव ठेवायला जागा नाही.

खटकले ते परिचारिकांचे बोलणे. पाळी बदलताना ‘बारा नंबरचा हर्निया’, ‘खिडकीजवळचे डायबेटिक’ असे उल्लेख रुग्णाच्या उशाशीच होत. घाईत ते सोयीचे पडते हे मान्य. परंतु खाट बदलली की क्रमांकही बदलतो, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील सूचनांनुसार रुग्णाची ओळख पटवताना नाव, जन्मतारीख यांसारख्या किमान दोन गोष्टी तपासायच्या असतात व खोलीचा क्रमांक त्यांत धरायचा नसतो. औषध देताना मात्र येथे मनगटपट्टी वाचून पूर्ण नाव न चुकता विचारले जाई, हे नोंदवायलाच हवे.

दुसरी तक्रार लाडिक सुराची आहे. ‘आता शहाण्या बाळासारखी गोळी घ्यायची हं’ हे वाक्य आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला ऐकवले जात होते (त्यांनी गोळी घेतली, पण तोंड फिरवून). स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अशा बोलण्याने शुश्रूषेला अधिक विरोध करतात, असे संशोधनातही आढळले आहे. एका ज्येष्ठ परिचारिकेने मात्र ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ असे विचारून उत्तर फलकावर लिहिले, आणि त्यानंतर त्या पाळीतील सर्वजणी त्यांना ‘सर’ म्हणू लागल्या.

शुश्रूषेला पाचपैकी साडेचार, संभाषणाला अडीच.