नामिबची सहल घेताय? पाणी कुठे मुरतं ते आधी बघा

आंब्याला मोहोर धरतो त्या दिवसांत मे महिन्याच्या सहलींची पत्रकं चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरू लागतात. त्यात हल्ली आफ्रिकेतल्या नामिबियाचं नामिब वाळवंटही दिसतं: केशरी वाळूचे डोंगर, पांढरी फटक जमीन आणि तिच्यावर उभी काळी वाळलेली झाडं. पृथ्वीवरचं वाटूच नये असं ठिकाण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तीन कुटुंबांनी अशीच एक सहल घेतली. एजंट पैसे घेऊन पळाला नाही. त्याने सगळ्यांना नेलं आणि आणलंही. तरी ती फसवणूकच होती, कारण जे दाखवून पैसे घेतले ते त्याने दिलंच नाही.

पत्रकात लिहिलं होतं, ‘सोसुसव्लेईजवळ मुक्काम’. सगळी मेख या ‘जवळ’मध्ये आहे. सोसुसव्लेई, म्हणजे फोटोतल्या केशरी डोंगरांचं ठिकाण, नामिब-नॉक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात येतं आणि आत जायचं फाटक सेसरीमला आहे. फाटकापासून वाळूच्या डोंगरांपर्यंत साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. बाहेर राहणाऱ्यांसाठी फाटक सूर्योदयाला उघडतं, तर फाटकाच्या आत मुक्काम असलेल्यांना तासभर आधी निघता येतं. मे महिन्यात तिथला सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो. म्हणजे आतला माणूस साडेसहाला निघून उन्हं डोंगरमाथ्यावर चढताना तिथे पोहोचतो.

या तीन कुटुंबांना सॉलिटेअर नावाच्या वस्तीच्या बाजूला ठेवलं होतं. तिथून सेसरीम ऐंशीएक किलोमीटर, तेही खडीच्या कच्च्या रस्त्याने. त्यात परवान्याची रांग, मग साठ किलोमीटर. डेडव्लेईत, म्हणजे काळ्या वाळलेल्या झाडांच्या त्या पांढऱ्या जमिनीवर, पाय ठेवेपर्यंत दहा वाजून गेले. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि डोंगराची अर्धी बाजू उजेडात, अर्धी सावलीत हे जे दृश्य फोटोत दिसतं, ते संपलेलं असतं. बिग डॅडी हा सव्वातीनशे मीटरच्या आसपास उंचीचा वाळूचा डोंगर सकाळी गारव्यातच चढायचा असतो. घसरत्या वाळूत दर पावलाला अर्धं पाऊल मागे येतं. दहानंतर साठीच्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये, आणि त्यांच्यात चौघं साठीचे होते. आयुष्यात एकदाच होणारी सहल अशी वाया जावी, याचा राग येतो.

दुसरी लबाडी गाडीत होती. पत्रकात फोर-बाय-फोर, प्रत्यक्षात मिनीबस. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे साध्या गाड्यांचा तळ आहे. पुढचे पाच किलोमीटर खोल, मऊ वाळू. तिथे फोर-बाय-फोरच चालते, तीही टायरमधली हवा कमी करून, साधारण वीस पीएसआयच्या आसपास. हवा तशीच ठेवली की चाक रुतलंच म्हणून समजा. मिनीबस तळावरच थांबते आणि माणशी पैसे मोजून शटलने जावं लागतं. तो खर्च एजंटने ‘सर्व समाविष्ट’मधून गुपचूप वगळला होता. उद्यानाच्या परवान्याचंही तेच झालं. माणशी वेगळी आणि गाडीची वेगळी अशी फी असते, आणि तीही रोख मागितली गेली.

वाटाड्याने डेडव्लेईतल्या झाडांना दगड झालेली झाडं म्हणून सांगितलं, तेही खोटं. ती दगड झालेली नाहीत. त्साउखाब नदीचं पाणी पूर्वी तिथवर यायचं, वाळूच्या डोंगरांनी तिची वाट अडवली आणि बाभळीच्या कुळातली ती झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी मेली. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतच नाही. आपल्याकडे पडवीतलं सरपण एका पावसाळ्यात बुरशी धरतं, हे लक्षात घेतलं की तिथला कोरडेपणा कळतो. हे वाळवंट २०१३ पासून जागतिक वारसा आहे. झाडांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर चढायचं नाही.

आता पैसे भरण्याआधी काय तपासायचं ते. मुक्कामाचं नाव लेखी घ्या आणि ते सेसरीम फाटकाच्या आत की बाहेर हेही लिहून घ्या. आत मुक्काम मोजक्याच ठिकाणी होतो आणि जागा फार आधी भरतात, म्हणून ऐनवेळी स्वस्तात ‘आतला मुक्काम’ देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या लॉजला स्वतः ईमेल करा: अमुक तारखेला अमुक नावाने पक्कं बुकिंग आहे का? एजंटचं व्हाउचर तात्पुरत्या बुकिंगचंही असू शकतं.

विमानाच्या तिकिटात पीएनआर बघून समाधान मानू नका. सहा अक्षरांचा पीएनआर पैसे न भरता नुसती जागा धरूनही मिळतो आणि मुदत संपली की रद्द होतो. खरं तिकीट म्हणजे १३ आकडी ई-तिकीट क्रमांक. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, इथिओपियन एअरलाइन्सचे ०७१. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा. जोहान्सबर्गमार्गे जायचं असेल तर मुंबई ते विंडहुक (नामिबियाची राजधानी) एकच तिकीट आहे ना, हेही बघा. दोन वेगळी तिकिटं असली तर सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि त्याला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो.

पैसे फर्मच्या चालू खात्यातच भरा, कुणाच्या खासगी यूपीआयवर नको. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव दिसतं. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे एजंटने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे तिमाही उलटल्यावर आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात बघा. या कुटुंबांकडून टीसीएसच्या नावाखाली रक्कम घेतली होती, पण जमा झालेली नव्हती. ‘रोख द्या, टीसीएस वाचवतो’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

फसलात तर गप्प बसू नका. गावातलाच माणूस, नात्यातला माणूस म्हणून लोक बोलत नाहीत आणि पुढच्या मोहोराला तोच पत्रक घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो. पैसे ऑनलाइन गेले आणि एजंट गायब झाला असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. सेवा कबूल केल्यापेक्षा कमी दिली असेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. एजंट मुंबईचा असला तरी तक्रार रत्नागिरीत करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पत्रक, चॅट, पावत्या आणि तिथे रोख भरलेल्या शटलची चिठ्ठी, यातलं काहीही टाकू नका.