एसटी ७७३५ चा १.८ इंची रंगीत डिस्प्ले: बोअरच्या पॅनेलवर लावावा का?

आखाड्यावर स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी असावी, तिच्यात तिन्ही फेजचं व्होल्टेज, मोटारीचे अँपिअर आणि टाकीतलं पाणी एका नजरेत दिसावं, आणि दिसावं तेही मराठीत. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टांत हे काम दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच, आणि त्यासाठी बऱ्याचदा विकत घेतला जाणारा रंगीत डिस्प्ले म्हणजे हा १२८ बाय १६० पिक्सेलचा लाल पीसीबीवाला टीएफटी. साधारण तीनशे ते साडेचारशे रुपयांत मिळतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सावलीत, शेडच्या आत हा पैसे वसूल करून देतो. उघड्या उन्हात तो लावू नका, आणि अर्डुइनो उनोवर त्याच्याकडून मोबाईलसारखी स्क्रीन होईल अशी आशा ठेवू नका.

हातात पडल्यावर पहिली तपासणी ऑफसेटची करा. एसटी ७७३५ या कंट्रोलरची स्वतःची मेमरी १३२ बाय १६२ ची आहे, काच मात्र १२८ बाय १६० ची. काच त्या मेमरीच्या कोणत्या कोपऱ्याला जोडली आहे ते कारखान्यावर अवलंबून. म्हणूनच अ‍ॅडाफ्रूटच्या लायब्ररीत (डिस्प्ले चालवणाऱ्या तयार कोडच्या संचात) ग्रीनटॅब, रेडटॅब, ब्लॅकटॅब असे प्रकार आहेत. काचेवरच्या संरक्षक फिल्मच्या चिमटीच्या रंगावरून ही नावं पडली. स्वस्त मॉड्यूलच्या बाबतीत त्या रंगावर भरवसा ठेवू नका. सगळी स्क्रीन काळी करा, कडेकडेने एक पिक्सेल जाडीची पांढरी चौकट काढा आणि आत एक लाल चौकोन भरा. चौकटीची एखादी बाजू गायब असेल किंवा कडेला रंगीत ठिपक्यांची पट्टी दिसत असेल तर ऑफसेट चुकला. ग्रीनटॅब निवडलं की लायब्ररी आडवे २ आणि उभा १ पिक्सेल सोडून लिहिते आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो. लाल चौकोन निळा दिसला तर लाल-निळ्याचा क्रम उलटा आहे, ब्लॅकटॅब लावून बघा. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मॉड्यूल खराब नाही, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

जोडणीत लोक अडकतात ते पिनांच्या नावांमुळे. पीसीबीवर एसडीए लिहिलेलं असतं, पण हा आयटूसी नव्हे, एसपीआय आहे (दोन्ही चिपांनी आपसात बोलण्याच्या पद्धती). तो एसडीए म्हणजे मोसी, डेटा जाण्याची तार, आणि एससीके म्हणजे क्लॉक. ए० म्हणजे डेटा की कमांड हे सांगणारी पिन, सीएस म्हणजे चिप निवडणारी. ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर एससीके १८ ला, एसडीए २३ ला, सीएस ५ ला, ए० १६ ला आणि रीसेट १७ ला जोडा. ईएसपी ३२ चं रोव्हर मॉड्यूल असेल तर १६ आणि १७ तिथे जादा रॅमसाठी वापरलेल्या असतात, दुसऱ्या पिना घ्या. रीसेट लोंबकळत ठेवू नका. पिना कमी पडत असतील तर ती ३.३ व्होल्टला बांधा आणि प्रोग्रॅममध्ये रीसेटच्या जागी उणे १ द्या.

उनोवर मात्र थेट जोडणी नको. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा आणि उनोच्या पिना ५ व्होल्टच्या. मॉड्यूलवर रेग्युलेटर आहे हे खरं, पण तो फक्त व्हीसीसीसाठी; सिग्नलच्या तारांशी त्याचा संबंध नाही. थेट जोडलं तर काही मॉड्यूल चालतात, काही नुसती पांढरी राहतात, आणि काही आठवडाभर नीट चालून मग अधूनमधून रुसायला लागतात. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तोवर पेटी शेतात बसलेली असते. पाचही सिग्नल तारांवर १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर टाका, ५ चे ३.३ व्होल्ट होतात. नाहीतर ७४एचसी४०५० ही आयसी ३.३ व्होल्टवर चालवा. पाठीमागे जे१ लिहिलेले दोन पॅड आहेत: उघडे असतील तर व्हीसीसीला ५ व्होल्ट द्यायचे, सोल्डरने जोडले तर रेग्युलेटर बाजूला पडतो आणि मग व्हीसीसीला ३.३ च. जे१ जोडून वर ५ व्होल्ट दिले की मॉड्यूल गेलं.

बॅकलाइटची पिन थेट मायक्रोकंट्रोलरला लावण्याआधी मल्टिमीटर सिरीजमध्ये टाकून करंट मोजा, कारण तो प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा असतो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर इथे चालणार नाही. बहुतेक मॉड्यूलवर एलईडीची ऋण बाजू आतूनच ग्राउंडला गेलेली असते. म्हणून बीसी ५५७ हा पीएनपी घ्या. एमिटर ३.३ व्होल्टला, कलेक्टर एलईडी पिनला, बेस १ किलोओहममधून. पिन लो केली की दिवा लागतो, म्हणजे पीडब्ल्यूएमचा (पिन भराभर चालू-बंद करून उजेड ठरवण्याचा) हिशेब उलटा.

आता चित्र काढण्याकडे. या डिस्प्लेची खरी परीक्षा इथेच होते आणि बहुतेक प्रोजेक्ट इथेच मार खातात. एका पिक्सेलला १६ बिट, म्हणजे पूर्ण स्क्रीनला ४०,९६० बाइट. उनोची अख्खी रॅम २,०४८ बाइट. पूर्ण चित्र रॅममध्ये तयार करून एकदम पाठवणं उनोवर शक्यच नाही. एसपीआय ८ मेगाहर्ट्झवर धरला तर नुसती स्क्रीन पुसायलाच कागदावर ४१ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यामुळे दर सेकंदाला फिलस्क्रीन करून सगळं नव्याने लिहिणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर लुकलुकत राहतो. इंटरनेटवरच्या निम्म्या उदाहरणांत हेच केलेलं असतं आणि लोक डिस्प्लेला नावं ठेवतात.

करायचं असं. चौकटी, नावं, एककं एकदाच काढा. बदलणारा आकडा तेवढा पुन्हा लिहा, आणि तोही बदलला असेल तरच. सेटटेक्स्टकलरला अक्षराचा रंग आणि मागचा रंग असे दोन्ही द्या, म्हणजे नवा आकडा जुन्यावर बसताना जुना आपोआप पुसला जातो. साइज ३ मध्ये तीन अंकी आकडा असा लिहायला साधारण चार हजार बाइट जातात, म्हणजे पूर्ण स्क्रीनचा दहावा हिस्सा. आकड्याची रुंदी कायम ठेवा: १०० वरून ९९ झालं की शेवटचं शून्य तसंच राहतं आणि टाकी ९९ टक्क्यांऐवजी ९९० टक्के दिसते. एसप्रिंटएफमध्ये तीन घरांची रुंदी दिली की झालं. दशांश हवा असेल तर उनोवर एसप्रिंटएफ तो छापत नाही, डीटीओएसटीआरएफ वापरा.

मागचा रंग देण्याची ही युक्ती फक्त लायब्ररीच्या मूळ छोट्या फाँटला लागू आहे. वेगळा सुबक फाँट घेतला की मागचा रंग भरलाच जात नाही, आकडे एकावर एक चढतात. उपाय म्हणून सगळे एकरंगी कॅनव्हास, म्हणजे रॅममधली चित्राची जागा, सुचवतात: ९६ बाय ३२ चा कॅनव्हास ३८४ बाइटमध्ये मावतो, त्यात लिहायचं आणि ड्रॉबिटमॅपने स्क्रीनवर टाकायचं. लुकलुक थांबते खरी. पण ड्रॉबिटमॅप एकेक पिक्सेल स्वतंत्र पाठवतो. प्रत्येकासाठी आधी पत्त्याचे ११ बाइट, मग रंगाचे २. ३,०७२ पिक्सेलचे जवळजवळ ४०,००० बाइट झाले, म्हणजे पूर्ण स्क्रीन पुसण्याइतकाच खर्च. त्याऐवजी सेटअ‍ॅड्रविंडो एकदाच द्या, एका ओळीचे रंग ९६ आकड्यांच्या अ‍ॅरेत भरा आणि राइटपिक्सेल्सने ३२ ओळी पाठोपाठ सोडा. सुरुवातीला स्टार्टराइट आणि शेवटी एंडराइट. तेच चित्र ६,१५५ बाइटमध्ये जातं. दहा ओळींचा कोड आहे, पण एवढ्यानेच आकडा डोळ्यांदेखत वरून खाली रंगत जाणं बंद होतं आणि फरक बघणाऱ्याला लगेच जाणवतो.

ईएसपी ३२ वर ही कसरत लागत नाही. टीएफटी ईएसपीआय लायब्ररीत स्प्राइट आहे, म्हणजे रॅममध्ये आधी तयार करून मग एकदम स्क्रीनवर टाकायचं चित्र. ८ बिट रंगात पूर्ण स्क्रीनचा स्प्राइट २०,४८० बाइट घेतो आणि ईएसपी ३२ ला ते जड नाही. या लायब्ररीत पिना आणि टॅबचा प्रकार यूजर सेटअप फाइलमध्ये लिहावा लागतो आणि लायब्ररी अपडेट केली की ती फाइल पुसून जाते, म्हणून तिची प्रत वेगळी ठेवा. वेग २७ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नका, भलत्याच रेघा आणि ठिपके येतात. तारा लांब असतील तर आणखी खाली या.

मराठी दाखवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण याबद्दल नीट माहिती कुठे मिळत नाही. प्रिंटमध्ये थेट ‘पाणी’ लिहिलं तर बारा विचित्र चिन्हं उमटतात: प, काना, ण, दीर्घ वेलांटी असे चार घटक, प्रत्येकी तीन बाइट, आणि अॅडाफ्रूटची लायब्ररी प्रत्येक बाइटला एक अक्षर समजते. यू८जी२ लायब्ररीत देवनागरी फाँट आहे, पण अक्षरं जोडण्याची अक्कल तिला नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर येते, रफार आणि जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात. ‘स्थिती’ असा एक शब्द लिहून बघा, लगेच कळेल. लहान मायक्रोकंट्रोलरवर याला एकच खात्रीचा मार्ग आहे: लागणारे शब्द संगणकावर गिंपमध्ये किंवा इंकस्केपमध्ये लिहायचे, काळ्या-पांढऱ्या चित्रात उतरवायचे, इमेज टू सीपीपी या साधनातून अ‍ॅरे करायचे आणि फ्लॅशमध्ये ठेवायचे. ‘मोटार चालू’ ११२ बाय २४ मध्ये ३३६ बाइट घेतं. असे वीस शब्द धरले तरी ६,७२० बाइट, उनोच्या ३२ किलोबाइटमध्ये आरामात बसतात. उंची २४ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. १६ वर शिरोरेषा आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, आणि ‘बंद’वरचा अनुस्वार हाताभरावरूनही दिसत नाही. चित्र करताना कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर काळ्या-पांढऱ्यात उतरवताना अक्षरांचे तुकडे पडतात.

अंकांना जोडणीची भानगड नाही, म्हणून ० ते ९ चा खरा फाँट करता येतो. फक्त अॅडाफ्रूटची लायब्ररी अक्षराचा क्रमांक एका बाइटमध्येच घेते, त्यामुळे देवनागरी अंकांची चित्रं इंग्रजी अंकांच्या ४८ ते ५७ या जागांवर बसवा. मग प्रोग्रॅम नेहमीसारखा ७५ छापतो आणि स्क्रीनवर देवनागरी दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता यावं अशी पेटी करायची तर ही मेहनत टाळू नका.

स्टार्टरजवळची सगळ्यात मोठी अडचण कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची. कॉन्टॅक्टर सुटला की कॉइलमधून धक्का निघतो आणि डिस्प्ले एकदम पांढरा पडतो किंवा चित्र सरकतं. मायक्रोकंट्रोलर मात्र चालूच असतो, मोटारही व्यवस्थित बंद होते, म्हणून लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. चूक तिथे नसते. डिस्प्लेच्या कंट्रोलरच्या आतल्या नोंदी बिघडलेल्या असतात. कॉइलवर आरसी स्नबर (धक्का शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते, तिथे २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर अजिबात लावू नका, ४१५ व्होल्टच्या कॉन्टॅक्टरसाठी मिळणारा तयार सप्रेसर घ्या. डिस्प्लेच्या तारा १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, मॉड्यूलच्या पिनांवरच १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड लावा. एवढं करूनही खात्री म्हणून मोटार बंद झाल्यावर इनिटआर, म्हणजे डिस्प्ले सुरुवातीपासून तयार करणारं फंक्शन, पुन्हा चालवा. त्याला सेकंदभर लागतो आणि तोवर प्रोग्रॅम थांबून राहतो, म्हणून मोटार चालू असताना ते करू नका. ड्राय रन (पाण्याविना मोटार चालणं) किंवा सिंगल फेजिंग (एखादी फेज जाणं) झालं तर त्या सेकंदात बघणारं कुणी नसतं.

आता ऊन. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. असे पॅनेल साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, पण उन्हात तापलेल्या बंद लोखंडी पेटीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं. काच काळी पडायला लागली तर ती बहुधा गरम झालेली असते, थंड झाल्यावर परत येते. मात्र हे रोजचं होऊ देऊ नका. त्याहून मोठी तक्रार वाचण्याची. दुपारच्या उन्हात या बॅकलाइटचं काहीच चालत नाही, स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. शेडमध्ये दाराकडे तोंड न करता लावला तर स्पष्ट दिसतो. पॅनेल एका बाजूने बघितलं की रंग उलटे होणारं आहे, म्हणून पेटी डोळ्यांच्या उंचीवर बसवा आणि कोणत्या दिशेने रंग बिघडतात ते बघून डिस्प्ले फिरवा. सेटरोटेशन त्यासाठीच आहे. काळ्यावर पांढरा किंवा पिवळा आकडा सगळ्यात चांगला वाचता येतो. निळ्यावर लाल कधीच नको.

स्टार्टर उघड्यावर, डीपीच्या खांबाजवळ असेल तर हा डिस्प्ले घेऊच नका. तिथे १२८ बाय ६४ चा एसटी ७९२० वाला एकरंगी एलसीडी घ्या, आणि तोही पिवळसर हिरव्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असलेला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा प्रकार उन्हात टीएफटीइतकाच निकामी. हिरवा मात्र ऊन पडलं की उलट जास्त ठळक दिसतो. तो ५ व्होल्टचा असल्याने उनोला डिव्हायडर लागत नाहीत, पीएसबी पिन ग्राउंड केली की तीन तारांत चालतो, आणि पूर्ण चित्र १,०२४ बाइटमध्ये मावतं. मराठी शब्दांचे तेच अ‍ॅरे त्याच्यावरही चालतात. कॉन्ट्रास्टचा प्रीसेट मात्र सकाळी गारव्यात लावू नका, दुपारी पेटी तापल्यावर लावा. गरमीत एलसीडी गडद होतो आणि सकाळी नीट दिसणारी स्क्रीन दुपारी नुसता काळा चौकोन होऊन बसते.