तोक्यो मारुईची 68 गोळ्यांची एम4 मॅगझिनं: दोन वर्षं वापरल्यानंतर

माझ्याकडे तोक्यो मारुई या जपानी कंपनीची साधी इलेक्ट्रिक एम4 आहे, स्टँडर्ड प्रकारातली; म्हणजे प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडणारी खेळातली बंदूक. रविवारी तोक्योतल्या निशी-कासाईहून भल्या पहाटे निघायचं आणि शेजारच्या चिबामधल्या एखाद्या रानातल्या मैदानावर दिवसभर साबागे खेळायचा, हे दोन वर्षं चाललंय. (साबागे म्हणजे सर्व्हायव्हल गेम, एअरसॉफ्टला, म्हणजे अशा बंदुकांनी खेळायच्या लुटुपुटीच्या लढाईला, इथे जपानात सगळे असंच म्हणतात.) या काळात सगळ्यात जास्त पैसे मी चुकीच्या मॅगझिनांवर, म्हणजे बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या डब्यांवर, घालवले, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक हाय-कॅपची, म्हणजे खूप गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनची. दुसऱ्या एका कंपनीचं, 300 गोळ्यांचं. वरचं झाकण उघडून गोळ्या ओतायच्या आणि खालचं दातेरी चाक फिरवत बसायचं. दुकानात हातात घेतल्यावर वाटलं, एकच घेतलं की दिवस निघेल. पण आत गोळ्या सुट्या असतात, त्यामुळे पळताना ते लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखं वाजतं. एकदा मी बांबूच्या बेटामागे दहा मिनिटं दम धरून बसले होते. समोरचा जवळ येतोय म्हणून जरा कूस बदलली, खळ्ळ आवाज झाला आणि दुसऱ्या क्षणी खांद्यावर गोळी. ‘हिट!’ (गोळी लागली) असं ओरडून हात वर करत बाहेर आले. जेवणाच्या सुट्टीत त्याच माणसाने सांगितलं, तुम्ही दिसलाच नव्हता, ऐकू आलात. शिवाय चाकाची स्प्रिंग उतरली की मोटर फिरते पण गोळी सुटत नाही, आणि नेमक्या घाईत कर्रकर्र करत चाक फिरवावं लागतं.

मग मारुईची साधी 68 गोळ्यांची घेतली. आत एक लांब वळणदार नळी, तिच्यात गोळ्या एकामागे एक, आणि मागून रेटणारी एक स्प्रिंग. एवढंच. चाक नाही, खुळखुळ नाही. जपानात बंदुकीची ताकद कायद्यानेच 0.98 ज्यूलला अडवलेली आहे, म्हणजे 0.2 ग्रॅमची गोळी सेकंदाला 99 मीटरच्या पुढे कुणाचीच जात नाही. मग फरक पडतो तो नेम आणि गोळी न चुकता वर चढण्यात. दोन वर्षांत या मॅगझिनांनी माझी गोळी क्वचितच अडवली आहे.

68 कमी वाटतात, मान्य. घोडा दाबून धरला तर पाच सेकंदांत संपतात. पण त्यामुळेच मी एकेक गोळी झाडायला शिकले. सहा मॅगझिनांत 408 गोळ्या होतात, त्या मला दोन खेळांना पुरून उरतात. मात्र भरायला स्पीडलोडर (गोळ्या भराभर आत ढकलायचं साधन) हवाच, बोटांनी भरायला जाल तर नखं जातील. आणखी एक, शेवटच्या तीन-चार गोळ्या स्प्रिंग वर ढकलू शकत नाही, मॅगझिन काढलं की त्या खाली सांडतात. तो दोष नाही, सगळ्याच स्प्रिंगच्या मॅगझिनांचं असंच असतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं नाही. एखादी गोळी बंदुकीच्या नळीत राहतेच. विश्रांतीच्या जागेत शिरण्याआधी मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला दोन-तीन वेळा घोडा दाबा, सेफ्टी लावा. आत शिरेपर्यंत गॉगलला हात लावू नका.

मधला पर्याय म्हणून 120 गोळ्यांची एका कंपनीची पाच घेतली होती, स्वस्तात. त्यातली दोन माझ्या बंदुकीत डुगडुगत होती, गोळी मध्येच अडायची. एकाला बाजूने इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवली, ते सुधारलं. दुसरं नाहीच. तेव्हापासून कुठलंही नवं मॅगझिन आधी एकच घेते, दोन-तीन वेळा पूर्ण रिकामं करते, मग बाकीची. आणि प्रत्येकावर मार्करने आकडा. आकडा नसेल तर बिघडलेलं कोणतं हे संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

गॅसच्या पिस्तुलाचं गणित वेगळं. माझ्याकडे मारुईचीच हाय-कापा 5.1 आहे, मॅगझिनमध्ये 31 गोळ्या आणि खाली गॅस. 134ए गॅसचा दाब 20 अंशांना साधारण 5.7 बार असतो, 5 अंशांना तो 3.5 वर येतो. त्यात भराभर झाडलं की मॅगझिन हातात गारठतं. जानेवारीत मी दोन मॅगझिनं जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवते आणि आलटूनपालटून वापरते. विस्तवाजवळ किंवा हीटरवर मात्र कधीही नाही. घरी ठेवताना थोडा गॅस आत राहू द्यावा, म्हणजे रबराच्या कड्या दबलेल्या राहतात, गळती लागत नाही. स्प्रिंगच्या मॅगझिनांचं उलट. ती रिकामी करूनच ठेवायची.

पुढच्या महिन्यात तोक्योतल्या अकिहाबाराच्या बाजारात जाऊन 68 वाली आणखी दोन आणणार आहे. कमरेच्या पट्ट्यावर तेवढीच जागा उरली आहे.