पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दाखवतात आणि दारात काहीच नसते, तेव्हा

गणेशचवथीच्या तोंडावर आईसाठी मोबाईल मागवला होता. पैसे कार्डाने आधीच भरलेले. दुपारी मेसेज आला, पार्सल पोचले, घरच्यांनी घेतले. घरी आई माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, तयारीत होती. तिच्याकडे कोणी आले नव्हते, मला फोनही आला नव्हता.

आमचे घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत. पत्त्यात गल्ली-मजला असे काही नाही, वाड्याचे नाव आणि जवळचे देऊळ एवढेच. पार्सलवाले म्हणूनच फोन करतात, कधी शेजारी किंवा दुकानावर ठेवून जातात. मी आधी तिथेच विचारले. कोणाकडेच नव्हते.

कस्टमर केअरने सांगितले, ‘आमच्याकडे डिलिव्हरीचा फोटो आहे, रिफंड मिळणार नाही.’ इथे बरेचजण गप्प बसतात. गप्प बसू नका, तो फोटो मागा. बरीच टाळाटाळ झाल्यावर मला तो ईमेलने मिळाला. त्यात चकचकीत फरशी आणि लिफ्टचे दार! आमच्या अख्ख्या वाड्यावर लिफ्ट असलेली एकही इमारत नाही. घराच्या चिऱ्यांच्या पायऱ्या आणि समोरची तुळस यांचा फोटो काढून मी उत्तरासोबत जोडला. घेणाऱ्याचे नाव, त्या वेळचे जीपीएस लोकेशन आणि ओटीपी कधी टाकला गेला, हेही लेखी मागितले. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, पुढे नोंद बदलू शकते. ‘दोन दिवस थांबा’ म्हणाले तर थांबा, पण तक्रार क्रमांक घेऊनच.

याच गडबडीत दुसरा डाव आला. ‘कुरिअर ऑफिसातून बोलतोय’ असा फोन. माणसाला माझी ऑर्डर ठाऊक होती. पार्सल चुकून भलतीकडे गेले, डिलिव्हरीवाल्याशी जोडून देतो, *२१* लावून हा नंबर डायल करा, म्हणाला. तसे केले की आपले कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि कॉलवर येणारे ओटीपी त्याला ऐकू जातात. मी फोन ठेवला. कोणी चुकून केलेच असेल तर ##००२# डायल करून सगळे फॉरवर्डिंग बंद होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कंपनीच्या अॅपमधूनच बोला. हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते, कारण पार्सल हरवलेला माणूस घाबरलेला असतो आणि या लोकांना तोच हवा असतो.

कंपनी ऐकेना, तेव्हा तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोचही आली नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतर मात्र चक्रे हलली आणि रिफंड आला. नसता आला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. उत्तर गोव्याचा पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

आईच्या नावावर ते पार्सल कोणी घेतले, हे कंपनीने अजून सांगितलेले नाही. त्याचे उत्तर मी अजून मागतो आहे.