जुनी डीडीआर४ रॅम हाताशी आहे: बी५५० मदरबोर्ड घ्यावा की बी७६०?

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले आहेत की जुन्या मशीनमधली सोळा-बत्तीस जीबी डीडीआर४ (मागच्या पिढीची रॅम) काढून ठेवली असेल, तर ती जपून ठेवा. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरकडे आहे आणि त्याचा भुर्दंड घरच्या ग्राहकाला पडतोय. अशा वेळी प्रोसेसर नवा आणि रॅम तीच, हा सौदा मला खरोखर फायद्याचा वाटतो. अडतं ते मदरबोर्डापाशी.

एएमडीचा एएम५ आणि इंटेलचा एलजीए१८५१ हे नवे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) आधीच बाजूला ठेवा. दोन्हींना डीडीआर५च लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. रॅम डीडीआर३ असेल तर तिच्यासाठी बोर्ड विकत घेऊच नका. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे एच८१ बोर्ड सेकंडहँड मिळतात, पण ते प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यात पैसे घालणं मला पटत नाही.

मग उरतात दोन बोर्ड: एएम४ सॉकेटचा बी५५० आणि एलजीए१७०० सॉकेटचा बी७६०.

बी५५०मध्ये रॅमच्या बाबतीत फसायला जागाच नाही, कारण एएम४ म्हणजे डीडीआर४. बी७६०मध्ये मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इंटेलची बारावी ते चौदावी पिढी दोन्ही प्रकारची रॅम चालवते, पण बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो, आणि जवळजवळ सारख्याच नावाचे दोन बोर्ड शेजारी शेजारी विकायला असतात. नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ आहे का ते पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, बिलावर पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

तुमची रॅम ३२००ची असेल तर वेगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. ३६००ची असेल तर माझा कौल बी५५०ला. बी५५०वर बसणाऱ्या एएमडीच्या रायझेन ५००० प्रोसेसरचा आतला फॅब्रिक (त्याच्या भागांना जोडणारा दुवा) १८०० मेगाहर्ट्‌झवर सहसा विनातक्रार चालतो आणि ३६००च्या रॅमचा मूळ ठोकाही १८००च असतो, म्हणजे रॅम आणि फॅब्रिक एकाच तालात राहतात. इंटेलच्या १२४००सारख्या, नावात ‘के’ नसलेल्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचं (रॅम हाताळणाऱ्या भागाचं) व्होल्टेज बांधलेलं असतं, त्यामुळे ३६०० गिअर १मध्ये, म्हणजे रॅम आणि कंट्रोलर एकाच वेगाने चालवून, टिकेलच अशी खात्री नाही. इंटेलच्याच स्वस्त एच६१० बोर्डावर तर ३२००च्या पुढे जाताच येत नाही.

पण बहुतेकांचा निर्णय ग्राफिक्स कार्डावर ठरायला हवा. कार्ड नसेल आणि काम ऑफिसचं, टॅलीचं, थोड्या व्हिडिओ एडिटिंगचं असेल, तर बी७६० आणि आय५-१२४०० ही जोडी घ्या. आतलं ग्राफिक्स साधं आहे, पण त्यातल्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या सोयीमुळे व्हिडिओ एक्सपोर्टला चांगला हात मिळतो. नावामागे ‘एफ’ असलेला प्रोसेसर चुकूनही उचलू नका. त्यात ग्राफिक्सच नसतं. कार्ड आहे आणि गेम खेळायचे आहेत, तर बी५५० आणि रायझेन ५ ५६००. पुढेमागे गेमसाठी आणखी वेगवान असा रायझेन ५७००एक्स३डी रास्त भावात सापडला तर त्याच बोर्डावर बसेल. रायझेन ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, पण कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्डाची जोडणी) जुनी ३.०च, कार्ड असणाऱ्याने तो घेऊ नये.

बी७६०वर तेरावी-चौदावी पिढी टाकणार असाल तर आधी बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. त्यातल्या वरच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा जो दोष निघाला, त्यावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि तो बायॉसमधूनच येतो.

घरात एएम४चाच जुना बी४५० बोर्ड आधीच असेल तर यातला कुठलाच बोर्ड घेऊ नका. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस अपडेट करा. त्यातल्या बहुतेकांवर रायझेन ५००० चालतो. वाचलेले पैसे प्रोसेसरला लावा.

बोर्ड आल्यावर रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तो ३२००चाच वेग आहे. मग रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावून ठेवा, तेही बोर्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत.