यीशिंगची चहादाणी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने चीनमधल्या वूशी शहरात होतो. मातीच्या चहादाण्यांसाठी नावाजलेलं यीशिंग वूशीच्याच अखत्यारीत येतं. तिथून आणलेली झीशा मातीची चहादाणी गेले अकरा महिने मी पुण्यात जवळजवळ रोज वापरतोय. ती ११० मिलिलिटरची आहे, म्हणजे जेमतेम दोन कटिंग मावतील एवढी. रंग जांभळट तपकिरी. किंमत ६८० युआन, तेव्हाच्या हिशेबाने आठ हजार रुपयांच्या आसपास. एवढ्याशा भांड्याला एवढे पैसे कशासाठी आणि ते वसूल झाले का, हे सविस्तर लिहितोय, कारण घेण्याआधी मला मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी मी फसलो होतो, ते सांगतो. वूशीला गेल्यावर पहिल्याच महिन्यात ऑनलाइन ९९ युआनची एक लालभडक चहादाणी मागवली. फोटोत सुरेख, तळाशी कारागिराचा शिक्का, सोबत लाकडी खोका आणि प्रमाणपत्र. उकळतं पाणी ओतलं आणि बूट पॉलिशसारखा वास आला. तीन दिवस रोज पाणी बदललं, तरी वास जाईना. पांढऱ्या फडक्याने बाहेरून घासली तर फडक्याला रंग. जुनी आणि मुरलेली दिसावी म्हणून अशा मालावर मेण किंवा पॉलिश चढवतात, आणि साध्या मातीत आयर्न ऑक्साइड, मँगनीज, कोबाल्ट असे रंग मिसळतात, हे नंतर कळलं. २०१० मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने याच प्रकारावर कार्यक्रम दाखवला होता आणि त्यावरून तिकडे मोठी खळबळ माजली होती. ती चहादाणी मी फेकून दिली. कुणाला भेट द्यायलाही मन धजावलं नाही.

मग एका रविवारी थेट यीशिंग गाठलं. चहादाण्यांचं खरं माहेर म्हणजे तिथलं दिंगशू हे गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि बहुतेक दुकानांच्या मागे घरचाच कारखाना. झीशा म्हणजे जांभळी वाळू. तिला माती म्हणतात खरं, पण खाणीतून निघते तेव्हा ती दगडासारखीच असते. सगळ्यात नावाजलेली खाण गावाजवळच्या ह्वांगलोंगशान डोंगरातली. काढलेले दगड महिनोन् महिने उघड्यावर, ऊनपावसात ठेवतात. ते ठिसूळ झाले की दळायचे, चाळायचे, पाण्यात मळायचे आणि तो गोळा पुन्हा मुरवत ठेवायचा. जांभळ्या मातीला झीनी, लालीला होंगनी आणि पिवळसर मातीला द्वाननी म्हणतात. लालीतलाच झूनी हा प्रकार भट्टीत फार आकसतो. बरेच नग त्यातच तडकतात, म्हणून तो महाग.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते घडवणं बघायला. चाकावर काही चढवत नाहीत. मातीची लादी लाकडी थापीने ठोकून पत्र्यासारखी पातळ करतात, पट्टी कापून नळकांडं जोडतात आणि ते हळूहळू फिरवत थापीच्या हलक्या टिचक्यांनी गोलाई आणतात. आपल्याकडे कुंभार आतून गोटा धरून बाहेरून माठ थापटतो, त्या आवाजाची मला आठवण झाली. फक्त हे काम तळहाताएवढ्या भांड्यावर. पूर्ण हाताने घडवलेल्या नगाखेरीज अर्धं काम साच्यात केलेलेही नग असतात. ६८० युआनमध्ये मला मिळाला तो असाच, आणि दुकानदारबाईंनी ते न विचारताच सांगितलं. तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

किमतीचा मोठा भाग कारागिराच्या नावाचा असतो. चीनमध्ये या कारागिरांना सरकारी दर्जे आहेत आणि दर्जा चढला की त्याच मातीच्या, त्याच आकाराच्या भांड्याची किंमत कितीतरी पट होते. गू जिंगझोऊ (१९१५–१९९६) यांच्या चहादाण्या तर लिलावात कोटींच्या हिशेबाने विकल्या गेल्यात. ज्याला चहा प्यायचाय त्याने नावामागे लागू नये. तळाचा शिक्का बघून तर अजिबात घेऊ नये, शिक्का कुणीही उठवू शकतो.

मी दुकानात काय काय पाहिलं ते सांगतो. पहिलं म्हणजे पाणी भरून ओतून दाखवायला सांगितलं. धार सलग, न फाटता पडली पाहिजे आणि चहादाणी उभी केल्यावर तोटीखालून ओघळ येता कामा नये. धार चालू असताना झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं तर धार थांबावी, म्हणजे झाकण नीट बसलंय. कोरडं झाकण गोल फिरवताना कुठे अडू नये. आतून वास घेतला तर फार तर मातीचा यावा. खऱ्या झीशाला काचेची चकाकी नसते, बोट फिरवलं की अगदी बारीक रवा लागतो. भडक लाल, मोरपंखी किंवा काळाकुट्ट रंग स्वस्तात मिळत असेल तर मी तरी हात लावणार नाही.

नवी चहादाणी आपण नवा माठ करतो तशीच तयार केली. कोमट पाण्यात भिजवली, मग कापडावर ठेवून मंद आचेवर तासभर उकळली, पाणी बदलून पुन्हा तेच. साबण पहिल्या दिवसापासून आजतागायत लावलेला नाही. झीशा माठासारखी पाझरत नाही, पण तिला चकचकीत लेप नसतो आणि अंगात बारीक छिद्रं असतात, त्यामुळे चहाचा वास धरून ठेवते. म्हणूनच एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करायचा हा तिकडचा रिवाज. मी माझी चहादाणी वूयी डोंगरातल्या श्वेइशियान या ऊलाँग चहाला दिली.

ऊलाँग हा हिरव्या आणि आपल्या नेहमीच्या काळ्या चहाच्या मधला. सुकत घातलेली पानं बांबूच्या सुपांत हलवतात, कडा खरचटतात आणि लालसर होऊ लागतात. मग गरम कढईत टाकून ते लाल होणं थांबवतात. किती लाल होऊ द्यायचं आणि नंतर किती भाजायचं यावरून चव ठरते. फुजियान प्रांताच्या उत्तरेकडचा वूयीचा चहा कोळशाच्या मंद आचेवर पुनःपुन्हा भाजलेला असतो. त्याच प्रांतातल्या आन्शीचा आजकालचा हिरवट तिएग्वानयिन अगदी उलट, फुलांच्या वासाचा.

माझी पद्धत अशी. रिकामी चहादाणी आधी उकळत्या पाण्याने तापवायची. सहा-सात ग्रॅम पत्ती. श्वेइशियानची पानं लांब पीळ दिलेली असतात, त्यामुळे एवढ्यातच चहादाणी निम्म्याहून जास्त भरते. (गोळ्या केलेला तैवानचा दोंगदिंग असेल तर पाव भाग पुरे, तो फुलून झाकण उचलतो.) पाणी खळखळ उकळलेलंच हवं. पहिलं पाणी लगेच ओतून टाकायचं. दुसरं दहा सेकंद, मग दर खेपेला पाच-दहा सेकंद वाढवत जायचं. एका पत्तीवर सात-आठ खेपा सहज होतात. प्रत्येक वेळी चहादाणी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची, नाहीतर पुढची खेप कडू झालीच म्हणून समजा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हा चहा सगळ्यात सुंदर लागतो. आधी भाजल्याचा खमंगपणा, मागून गोडवा, आणि घोट गिळल्यावरही तो गोडवा घशात रेंगाळतो. आईने पहिल्यांदा प्यायला तेव्हा म्हणाली, "अरे, हा तर ज्वारीच्या लाह्यांसारखा लागतोय." मला इतके दिवस त्या चवीला शब्द सापडत नव्हता.

आता मुख्य प्रश्न: मातीमुळे फरक पडतो का? पाचव्या महिन्यात मी नीट करून पाहिलं. एकच पत्ती, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. एकदा झीशात, एकदा चिनी मातीच्या झाकणवाल्या पेल्यात, ज्याला गायवान म्हणतात. बायको दुसऱ्या खोलीत ओतून सारख्याच कपांत आणून द्यायची. सहापैकी पाच वेळा मी ओळखलं. गायवानमध्ये सुगंध वर येतो, पण भाजल्याची धारही जिभेला लागते. झीशात सुगंध थोडा दबतो, धार मऊ होते आणि चहा तोंडात भरून राहतो. भाजलेल्या चहाला हे वरदान आहे. हिरवट तिएग्वानयिनचं मात्र नुकसानच होतं. त्यातलं फूलच हरवतं. दार्जिलिंगचा एक हलका ऊलाँगही असाच मलूल झाला. त्यामुळे हलके ऊलाँग पिणाऱ्याने तीनशे-चारशे रुपयांचा गायवान घ्यावा, हे मी मनापासून सांगतो.

जुलैत एक चूक झाली. ओली पत्ती आत ठेवूनच दोन दिवस कोकणात गेलो. पुण्याच्या पावसाळी हवेत आत पांढरी बुरशी आली. पत्ती काढून तीनदा उकळत्या पाण्यात ठेवली, ऊन पडलं तेव्हा दिवसभर वाळवली, आणि मग पहिले चार दिवस केलेला चहा ओतून दिला. आता वास येत नाही, पण तेव्हापासून पावसाळ्यात पत्ती त्याच रात्री काढतो आणि झाकण बाजूला ठेवून सुकवतो. दुसरा त्रास पाण्याचा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी आलं की चहादाणीवर पांढरे ओघळ उमटतात आणि चहाही गढूळ लागतो. आरओचं पाणी वापरलं तर चव सपाट. शेवटी खडकवासल्याचं नळाचं पाणी आदल्या रात्री भरून, गाळून ठेवतो. त्यात सगळ्यात छान होतो.

अंगावर चढलेलं तेज मात्र खरं आहे. नवी असताना रंग कोरडा होता, आता सागवानी जुन्या दारासारखी मऊ झळाळी आलीय, तीही फक्त रोज गरम पाणी आणि सुती फडकं यामुळे. वर्षानुवर्षं वापरलेल्या चहादाणीत नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो असं तिकडे म्हणतात. दहाव्या महिन्यात मी करून पाहिलं. पाणी पाणीच राहिलं, वास मात्र किंचित आला.

झाकण सांभाळा. ते त्याच चहादाणीबरोबर जोडीने भाजलेलं असतं, दुसरं बसत नाही. मी बेसिनमध्ये कधीच धुत नाही, ताटात पंचा घालून त्यावर सगळं करतो.

माझ्या हिशेबाने पैसे वसूल झाले. पुन्हा घ्यायची झाली तर ९० मिलिलिटरचीच घेईन, कारण घरात एकट्यासाठी ११० जास्तच होतं आणि चौथ्या खेपेनंतर चहा कपात थंड होत राहतो. पुढच्या मार्चमध्ये पंधरा दिवस वूशीला जायचं ठरतंय. त्याच बाईंकडे होंगनीची एक चपटी, बुटकी चहादाणी बघून ठेवली होती. ती असली तर दोंगदिंगसाठी आणीन.